उजव्या हातात पेन, डाव्या हाताला काम: टॅबवर पेन आणि टच एकत्र कसे चालतात

कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीतल्या पेढीत कोल्हापुरी साजाचं पान रेखाटणाऱ्या कारागिराकडे पाहिलं, तर नजर त्याच्या उजव्या हातातल्या पेन्सिलीवर जाते. थोडा वेळ डाव्या हाताकडे बघावं. तो कागद दाबून धरतो, वळण आलं की कागदच फिरवतो, हात अवघडला की कागद वर सरकवतो, मध्येच पट्टी धरतो. रेघ उजवा हात काढतो, पण ती कुठं पडणार हे डावा ठरवत असतो. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलट करून वाचावं.)

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ ईव्ह गियार यांनी १९८७ मध्ये या गोष्टीची नीट मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं, की कुशल कामात दोन हात सारखं काम करत नाहीत. डावा आधी हलतो आणि चौकट आखून देतो, मग उजवा त्या चौकटीत बारीक काम करतो. लिहिण्याच्या पानाखाली कार्बन ठेवला, तर खालच्या कागदावर मजकूर पानभर पसरलेला दिसत नाही. तो बऱ्याच लहान जागेत ओळीवर ओळ चढून उमटतो. म्हणजे लिहिणारा हात जवळजवळ जागेवरच असतो आणि डावा हात पान पुढं सारत राहतो. पान हलवायला मनाई केली, तर मोठ्या माणसांचा लिहिण्याचा वेग सुमारे २० टक्क्यांनी उतरतो, असंही गियार यांनी नोंदवलं आहे.

टॅबची काच अशी फिरवता येत नाही, म्हणून काचेवरचं चित्र फिरवायचं. ते काम बोटांचं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात केन हिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा सरळ नियम मांडला: पेनानं लिहायचं, बोटानं हाताळायचं, आणि दोन्ही एकदम आले की त्यातून तिसरं औजार निघालं पाहिजे. त्यांच्या नमुन्यात बोटानं फोटो दाबून त्याच्यावरून पेन आरपार ओढलं की फोटो कापला जायचा. दाबलेल्या फोटोतून पेन बाहेर ओढलं की दुसरी प्रत निघायची. दाबलेल्या फोटोच्या कडेनं पेन नेलं की पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ यायची.

कल्पना इतकी सोपी आहे, तरी बाजारातल्या टॅबवर ती कधी चालते आणि कधी चालत नाही. याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: काचेवर टेकलेली वस्तू पेन आहे की बोट, हे टॅबला कळतं का?

काचेखाली काय असतं

आधी बोटाचं बघू. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. दोन पट्ट्यांत साधारण ४ ते ५ मिलिमीटर अंतर. जिथं त्या एकमेकींना ओलांडतात, तिथं एक चिमुकला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जागा, तयार होतो. बोट जवळ आलं की तिथला थोडा विद्युतभार शरीराकडे वळतो आणि त्या जागेचा आकडा घसरतो. टॅबमधली चिप सगळ्या जाळीचे आकडे सेकंदाला ६० किंवा १२० वेळा वाचते आणि शेजारच्या चार-सहा जागांचे आकडे तोलून बोटाचं केंद्र काढते. म्हणून जाळीची वीण विरळ असूनही ठिकाण बरंच अचूक सापडतं. अट एकच, टेकणारी वस्तू बोटाएवढी रुंद हवी. बारीक टोक टेकलं तर आकडे इतके कमी हलतात की चिप त्याला गोंगाट समजून सोडून देते. स्वस्तातल्या स्टायलसला रबराचं ते गुबगुबीत नाक असतं, ते याचसाठी.

पेनाची घराणी मुख्यतः दोन.

पहिलं ईएमआर, म्हणजे विद्युतचुंबकीय अनुनादावर चालणारं. जपानच्या वॅकॉम कंपनीनं हे तंत्र घडवलं आणि सॅमसंगचं एस पेन त्यावरच चालतं. इथं टचच्या जाळीशिवाय डिस्प्लेच्या मागं आणखी एक पत्रा असतो. तो बारीक चुंबकीय लहर सोडतो. पेनातलं वेटोळं त्या लहरीवर झंकारतं आणि उत्तर देतं. पत्रा क्षणभर बोलतो, क्षणभर ऐकतो, पुन्हा बोलतो. टोकावर दाब दिला की पेनाचा सूर किंचित बदलतो, त्यावरून दाब कळतो. पेनात लिहिण्यासाठी सेल लागतच नाही. काही एस पेनमध्ये चार्ज होणारा भाग असतो, तो लांबूनच्या बटणाच्या करामतींसाठी. तो रिकामा झाला तरी लिहिणं थांबत नाही.

दुसरं घराणं सेलवाल्या पेनांचं: ॲपल पेन्सिल, मायक्रोसॉफ्ट सरफेसचं पेन, क्रोमबुकवर चालणारी यूएसआय या सामाईक मानकाची पेनं. इथं वेगळा पत्रा नाही. पेन आपल्या टोकातून स्वतःच विद्युत संकेत सोडतं आणि टचचीच जाळी तो ऐकते. एकाच जाळीला दोन नोकऱ्या, म्हणून ती वेळ वाटून घेते: थोडा वेळ बोटं शोधायची, थोडा वेळ पेनाचा आवाज ऐकायचा. हे इतक्या झपाट्यानं होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. मात्र जाळीवर बाहेरून गोंगाट आला, तर बोट आणि पेन दोघंही एकदम बिघडतात. ईएमआरमध्ये बोट बिघडलं तरी पेन सहसा शाबूत राहतं. हा फरक लक्षात ठेवा, दोष शोधताना उपयोगी पडतो.

तिसरा प्रकार खरं तर पेनच नाही. ऑनलाइन किंवा मोबाईलच्या दुकानात ‘सगळ्या मोबाईल-टॅबला चालणारं’ म्हणून मिळणारं पेन, मग ते रबरी नाकाचं असो, पारदर्शक चकतीचं असो की सेल घातलेलं बारीक टोकाचं, टॅबला बोटच वाटतं. सेलवालं टोक बोटाची नक्कल करतं, एवढंच. त्याला दाब कळत नाही, आणि मुख्य म्हणजे तळहात वेगळा काढणं टॅबला शक्यच नसतं. काचेवर दोन बोटं टेकली आहेत एवढंच त्याला दिसतं. त्यातलं लिहिणारं कोणतं, हे त्याला सांगणारं कुणी नाही. ‘सेटिंगमध्ये कुठं तरी असेल’ म्हणून शोधत बसू नका.

यात एक फसवा अपवाद आहे. ॲपल पेन्सिलची भाषा बोलणारी इतर कंपन्यांची पेनं मिळतात. ती २०१८ नंतरच्या आयपॅडवर चालतात, तळहात बाजूला ठेवतात, तिरकेपणाही ओळखतात, पण बहुतेकांना दाब कळत नाही. गणिताच्या क्लासला पुरेशी, चित्रकाराला अपुरी. ॲपलचीच २०२३ ची यूएसबी-सी पेन्सिलही दाब ओळखत नाही, हे पुष्कळांना घेतल्यावर कळतं.

घराण्याबाहेर सोयरीक नाही. एस पेन आयपॅडवर चालणार नाही, ॲपल पेन्सिल सॅमसंगवर चालणार नाही. वॅकॉमच्या ईएमआरवर बनलेली इतर कंपन्यांची पेनं मात्र एस पेनवाल्या टॅबवर चालतात. स्टेडलरची पेन्सिलीसारखी दिसणारी नोरिस डिजिटल हे त्याचं उदाहरण. हातात जाड, खऱ्या पेन्सिलीसारखं काही हवं असेल त्याला हा चांगला पर्याय आहे.

पेन आणि टच यांचं जमत का नाही, याला इतिहासही कारणीभूत आहे. दोघांचा जन्म वेगवेगळ्या घरी झाला. १९६४ च्या रँड टॅब्लेटला पेनच होतं आणि किंमत १८,००० डॉलर. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आणलेल्या टॅबलेट पीसीवरही पेनानंच काम करायचं होतं. २०१० चा आयपॅड नुसत्या बोटावर आला. दोघं एका काचेवर सर्रास नांदू लागले ते त्यानंतर: २०११ चा गॅलक्सी नोट, पाठोपाठ सरफेस प्रो, २०१५ ची ॲपल पेन्सिल.

तळहाताचं दुखणं

लिहिताना काचेवर आधी काय टेकतं? पेन नव्हे. आधी करंगळीखालची तळहाताची कड टेकते, मग टोक खाली येतं. टॅबच्या दृष्टीनं हे अवघड आहे, कारण आरोपी साक्षीदाराच्या आधी हजर होतो. त्यातून तळहात पूर्ण टेकायच्या आधी त्याचा अगदी छोटा ठिपका काचेला लागतो आणि तो हुबेहूब बोटासारखा दिसतो.

यावर टॅब तीन-चार खुणा एकत्र बघतो. पेन काचेपासून साधारण एक सेंटिमीटरवर आलं की चांगल्या टॅबला त्याची चाहूल लागते. चाहूल लागल्यावर पेनाच्या खाली-उजवीकडे जे काही टेकेल, ते तळहात असण्याची शक्यता जास्त. टेकलेला डाग पसरत गेला तरी संशय पक्का. आणि डाग पडल्या पडल्या लगेच पेन आलं, तर मागचा डाग तळहाताचाच होता.

शेवटची खूण महत्त्वाची, कारण निकाल उशिरा लागतो. तोवर टॅब तो स्पर्श ॲपकडे तात्पुरता पाठवतो, आणि तळहात असल्याचं कळलं की ‘मघाचा स्पर्श रद्द समजा’ असा निरोप मागून देतो. अँड्रॉइड १३ पासून अनेक बोटांपैकी नेमका एक स्पर्श रद्द करण्याचा निरोपही देता येतो. नीट लिहिलेलं ॲप तो निरोप पाळून ठिपका पुसतं. आळशी ॲप पाळत नाही, आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात शेवया सांडल्यासारखे ओरखडे राहतात. म्हणून त्याच टॅबवर एका ॲपमध्ये तळहात त्रास देतो आणि दुसऱ्यात अजिबात नाही. टॅबला शिव्या देण्याआधी ॲप बदलून बघा.

विंडोजचा मार्ग जास्त रांगडा आहे. पेन काचेजवळ आलं की टचकडे दुर्लक्षच करायचं, असा पर्यायच तिथं दिलेला आहे. तळहाताचा प्रश्न मिटतो, पण डाव्या हाताचं कामही थांबतं. दोन बोटांनी झूम करायला गेलात आणि कधी होतंय, कधी होत नाही असं झालं, तर उजव्या हातातलं पेन बघा. त्याचं टोक काचेपासून बोटभर अंतरावर तरंगत असणार. पेन दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या, किंवा टोक वर येईल असं बोटांत फिरवून धरा, मग झूम करा. ही सवय एकदा लागली की निम्म्या तक्रारी जातात.

देवनागरी लिहिताना

इंग्रजी लिहिणाऱ्यांना न जाणवणाऱ्या दोन अडचणी आपल्याला येतात.

एक शिरोरेषेची. पुष्कळजण शब्द पूर्ण लिहून मग वर एक लांब रेघ ओढतात. त्या वेळी तळहात काचेवरून न उचलता सरळ उजवीकडे घसरतो. टॅबच्या दृष्टीनं ही बोटानं पान सरकवण्याची खूण आहे. पेनाची चाहूल नीट लागत नसेल, तर शब्दावर रेघ पडण्याऐवजी पानच सरकतं. उपाय असा: बोटानं लिहिणं बंद करायचंच, पण ॲपमध्ये सोय असेल तर एका बोटानं पान सरकवणंही बंद करून ते दोन बोटांवर ठेवायचं.

दुसरी अडचण अनुस्वाराची. टिंब हलकं आणि झटपट दिलं जातं. प्रत्येक पेनाला पहिली शाई उमटायला थोडा दाब लागतो. चांगल्या पेनाला तो अगदी नाममात्र असतो, साध्या पेनाला जाणवण्याइतका. म्हणून ‘चिंच’ची ‘चिच’ होते. दाबाच्या सेटिंगमध्ये आलेख असेल, तर त्याची सुरुवात हलक्या बाजूला न्या. काही ॲप छोट्या टिंबाला टिचकी समजून मेनू उघडतात, तिथं टिंब न देता चिमुकला गोल फिरवायची सवय बरी. घेताना दुकानातच ‘अंबाबाईचं मंदिर’ असं पाच वेळा भरभर लिहून बघा. सगळी टिंबं उमटली तर पेन पास.

रेघ पेनाच्या मागं किती रेंगाळते, तेही तिथंच दिसतं. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगानं चालला आणि टॅबला २० मिलिसेकंद उशीर झाला, तर शाई टोकाच्या ६ मिलिमीटर मागं राहते. ९ मिलिसेकंदांत तेच अंतर ३ मिलिमीटरच्या आत येतं. ॲपलनं २०१९ च्या आयपॅड ओएसमध्ये हा उशीर २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचं सांगितलं होतं. यात एक चलाखीही असते. पेन पुढं कुठं जाईल याचा अंदाज बांधून सॉफ्टवेअर थोडी शाई आधीच दाखवतं, आणि अंदाज चुकला की गुपचूप मागं घेतं. झटक्यात कोन मोडला की टोकाशी शेपूट दिसून नाहीशी होते, ती हीच. हा दोष नव्हे.

दाबाच्या ४,०९६ की ८,१९२ पायऱ्या, या आकड्यापायी जास्तीचे पैसे मोजू नका. हाताला तेवढा फरक कळत नाही. पहिली शाई किती हलक्या दाबाला उमटते, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचं.

सेटिंग एकदाच, पण नीट

आयपॅडवर सेटिंग्जमध्ये ‘ॲपल पेन्सिल’ उघडा आणि ‘ओन्ली ड्रॉ विथ ॲपल पेन्सिल’ चालू करा. यानं बोट रेघ काढायचं थांबतं आणि फक्त सरकवणं, झूम एवढंच करतं. प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये जेश्चर कंट्रोल्सच्या ‘जनरल’ भागात बोटानं रंगवणं बंद करण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. तिथंच बोटाला फक्त रंग पसरवण्याचं, म्हणजे स्मजचं काम नेमून देता येतं. कोळशानं काढून अंगठ्यानं घासणाऱ्यांना हे लगेच हाताशी बसतं.

सॅमसंगवर सॅमसंग नोट्समध्ये बोटानं रेखाटणं बंद करा. क्रिटा हे चित्रकलेचं ॲप वापरत असाल, तर त्याच्या सेटिंगमध्ये टच पेंटिंग बंद करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग पेन अँड विंडोज इंक. तिथं कोणत्या हातानं लिहिता ते आधी सांगा. डावखुरे हे विसरतात आणि वर्षभर मेनू हाताखाली उघडत राहतात. पेन वापरताना टचकडे दुर्लक्ष करण्याचा पर्यायही तिथंच आसपास मिळेल. नुसतं लिहायचं असेल तर तो चालू ठेवा, चित्र काढायचं असेल तर बंद ठेवून बघा.

टॅब सपाट टेबलावर ठेवला तर मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळं तो डुगडुगतो आणि रेघ थरथरते. पेन खराब आहे असं वाटतं, पण दोष टेबलाचा. खाली जाड कापड घाला, किंवा कव्हरनं थोडा, साधारण १५ ते २० अंश, उतार द्या.

डाव्या हाताला काय शिकवायचं

सुरुवात तीनच गोष्टींनी करा. दोन बोटांनी झूम आणि फिरवणं ही पहिली. दोन बोटांची टिचकी म्हणजे मागची रेघ रद्द, ही दुसरी. तीन बोटांची टिचकी म्हणजे रद्द केलेली परत, ही तिसरी. शेवटच्या दोन खुणा प्रोक्रिएटमध्ये आहेत आणि इतर बऱ्याच चित्रकलेच्या ॲपमध्ये तशाच सापडतात. पेन उजव्या हातातच ठेवायचं. मेनूतल्या बाणावर पेनानं टिचक्या मारत बसणारा माणूस डाव्या हाताला खिशात घालून काम करतोय असं समजा.

फिरवण्याची सवय सगळ्यात मोलाची. मनगट टेकवून काढलेली कमान एकाच बाजूला सहज वळते, उलट्या बाजूला तुटक येते. म्हणून हाताला सोपी पडेल ती बाजू येईपर्यंत चित्र फिरवा. पारंपरिक साजात २१ पानं असतात. दशावतारांतला मासा किंवा कासव काढताना निम्मी बाह्यरेषा अवघड बाजूची असते. तिथं चित्र १८० अंशांत फिरवलं की तीच रेषा सोपी होते. कागदावर हे कारागीर न सांगता करतो.

पेन आणि बोट खरोखर एकाच क्षणी लागतात अशी जागा म्हणजे आकार सरळ करणं. प्रोक्रिएटमध्ये लंबगोल काढून पेन तसंच टेकवून ठेवा, आकार नीटस होतो. पेन न उचलता डाव्या हाताचं एक बोट काचेवर ठेवा, लंबगोलाचं पूर्ण वर्तुळ होतं. रेघेचं तसंच केलं तर ती १५ अंशांच्या टप्प्यांवर बसते. डोरल्याची वाटी, टिकेचा गोल, चपलेच्या पट्ट्यावरची नक्षी, सगळ्याला उपयोगी.

कोल्हापूरच्याच उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत, ओतकामाच्या कारखान्यांत, काम वेगळं. तिथं ग्राहकाकडून आलेलं ड्रॉइंग पीडीएफमध्ये असतं आणि ओतकामाचा नमुना म्हणजे पॅटर्न करणाऱ्याला त्यावर मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापण्यासाठी सोडलेली जास्तीची जाडी), कोअरची (पोकळीसाठी साच्यात ठेवायच्या गाभ्याची) जागा, शंका असलेली मापं लाल शाईत मारायची असतात. ए-३ चं ड्रॉइंग ११ इंची टॅबवर पूर्ण दाखवलं तर आकडे वाचता येत नाहीत, म्हणून डाव्या हाताचं काम सतत चालतं: झूम, सरकव, पुन्हा झूम. इथं ड्रॉइंगवर लिहिण्याचा थर वेगळा ठेवणारं ॲप निवडा, नाहीतर पेनाची चुकार रेघ मूळ मापाला जाऊन चिकटते आणि ६ चा ८ होतो. जाड हातमोजे घातले असतील तर बोटाचा टच चालणार नाही, पण खरं पेन हातमोज्यातूनही चालतं, कारण संकेत पेनातून जातो, कातडीतून नाही. अशा ठिकाणी पेनाच्या बटणाला खोडण्याचं काम द्या आणि मोठ्या बटणांचं ॲप घ्या. तेलकट बोटानं मात्र काच पुसूनच काम करा, तेलाचा थर टच मंद करतो.

चित्रकारांचा दोन बोटांचा हातमोजा तळहात लपवतो असं सांगून विकला जातो. पातळ कापडातून टच थोडाफार आरपार जातोच. मोज्याचा खरा फायदा म्हणजे हात घामेजून काचेला चिकटत नाही.

बिघाड, आणि तो कुठला

तिरकी रेघ हळू काढली की नागमोडी येते, झपाट्यानं काढली की सरळ. हा सेलवाल्या पेनांचा जुना स्वभाव. टोक जाळीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध असताना चिपचा हिशोब किंचित चुकतो, आणि प्रत्येक पट्टी ओलांडताना तीच चूक पुन्हा दिसते. तपासायला प्लास्टिकची पट्टी ठेवून सावकाश तिरकी रेघ ओढा. स्टीलची पट्टी नको. ती वाहक असते, हातात धरली की शरीराशी जोडली जाते आणि टॅबला लांबलचक बोट वाटतं. थोडा नागमोडीपणा सगळ्यांत असतो, तो डोळ्याला खटकण्याइतका असेल तर दुसरा टॅब बघा.

चार्जिंगला लावल्यावरच रेघ थरथरते, बोटं नसताना टिचक्या पडतात, धातूच्या पाठीला हात लावला की झिणझिण्या येतात: दोषी चार्जर. स्वस्त चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट थेट टचच्या जाळीत शिरतो. केबल काढली आणि सगळं सुरळीत झालं, तर निदान पक्कं. कंपनीचा चार्जर लावा, किंवा आधी चार्ज करून मग लिहा.

जुलैतल्या पावसात दमट हवेनं आणि ओल्या हातानं टच भरकटतो, कारण पाण्याचा थेंबही विद्युतभार ओढतो. ईएमआर पेन अशा वेळी चालत राहतं, चुंबकीय लहरीला थेंबाचं काही वाटत नाही. छत्री मिटून दुकानात आल्या आल्या टॅब काढणाऱ्यांनी आधी काच आणि हात कोरडे करावेत, एवढंच.

काचेच्या ठरावीक पट्ट्यात पेन वाकडं चालतं किंवा गायब होतं, आणि टॅब ईएमआरचा आहे: कव्हर काढून बघा. कव्हरातलं चुंबक मागं दुमडलं की पत्र्याच्या नेमक्या त्या भागाला भ्रम होतो. चुंबकाचा फोनहोल्डर, स्पीकर, अगदी चुंबकी बटणाची पर्सही खाली असू शकते.

जाड टेम्पर्ड काच लावल्यावर पेनाचं टोक आणि शाई यांत अंतर दिसू लागतं, आणि सेलवाल्या पेनाचा संकेतही क्षीण होतो. पातळ काच लावा. कागदासारखी खरखरीत फिल्म लिहायला सुरेख असते, पण ती कानशीसारखी टोक घासते. टोक एका बाजूनं सपाट झालं, रेघेला करकर आली, की बदला. एस पेनचं टोक चिमट्यानं ओढून निघतं, ॲपल पेन्सिलचं फिरवून. आयपॅडवर रेघ मध्येच तुटत असेल तर नवं टोक घ्यायच्या आधी जुनं घट्ट फिरवून बघा, पुष्कळदा ते सैल झालेलं असतं. आणि ब्लूटूथ चालू आहे ना तेही बघा, ते बंद असेल तर ॲपल पेन्सिल चालतच नाही.

सेलवालं पेन महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये रिकामं पडू देऊ नका, आतली छोटी लिथियम बॅटरी कायमची बसते. महिन्यातून एकदा चार्ज पुरे. पहिल्या पिढीच्या ॲपल पेन्सिलला १५ सेकंदांच्या चार्जवर अर्धा तास लिहिता येतं, असं ॲपल सांगतं. सरफेसच्या जुन्या पेनाला मात्र रिमोटच्या सेलपेक्षाही बारीक, चार ‘ए’चा सेल लागतो. तो कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाही, तेव्हा एक जास्तीचा बॅगेत असू द्या.